लेस्टाट कुणाचा? : एक कादंबरी, एक चित्रपट आणि चिडलेले वाचक

कादंबरीवर चित्रपट निघाला की तिचे वाचक नाराज होतात, हे आता गृहीतच धरलं जातं. चित्रपटाचे समीक्षक या नाराजीची एका वाक्यात नोंद घेऊन पुढे जातात. साहित्याचे समीक्षक तीही घेत नाहीत. ‘पुस्तकात असं नव्हतं’ हे वाक्य दोघांनाही बालिश वाटतं. सुहास शिरवळकरांची ‘दुनियादारी’ २०१३ साली पडद्यावर आली, तेव्हा ती कादंबरी उशाशी घेऊन मोठे झालेल्या अनेकांच्या तोंडी हे वाक्य होतं. चित्रपट जोरात चालला आणि ते बोलणं त्या गर्दीत विरून गेलं.

पण चिडलेला वाचक नेमका कशावर चिडतो, हा प्रश्न त्यामुळे तसाच राहतो. त्याला पुस्तकातली प्रत्येक गोष्ट पडद्यावर जशीच्या तशी हवी असते का? तसं असेल तर त्याचं समाधान कधीच होणार नाही आणि त्याच्या तक्रारीला फारशी किंमतही देता येणार नाही. मला वाटतं, त्याची तक्रार वेगळी असते आणि बऱ्याचदा ती त्याला स्वतःलाही नीट मांडता येत नाही. हे तपासायला एक चांगलं उदाहरण हाताशी आहे : ॲन राइस यांची ‘इंटरव्ह्यू विथ द व्हँपायर’ ही कादंबरी आणि नील जॉर्डन यांनी १९९४ साली तिच्यावर केलेला चित्रपट. या प्रकरणात चिडलेल्या वाचकांच्या पुढे खुद्द लेखिकाच उभी होती, म्हणून ते अधिक बोलकं आहे.

दोन पुस्तकं, दोन लेस्टाट

ॲन राइस मूळच्या न्यू ऑर्लिन्सच्या. १९७२ साली त्यांची मुलगी मिशेल रक्ताच्या कर्करोगाने गेली. तिला सहा वर्षंही पूर्ण झाली नव्हती. पुढच्या वर्षी राइस यांनी आपली एक जुनी लघुकथा बाहेर काढली आणि काही आठवड्यांतच तिची कादंबरी झाली. ती क्नॉफ या प्रकाशनसंस्थेने १९७६ साली छापली. सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका खोलीत एक तरुण वार्ताहर ध्वनिमुद्रक लावून बसला आहे आणि लुई नावाचा रक्तपिपासू त्याला आपली दोनशे वर्षांची कहाणी सांगतो आहे, अशी तिची रचना आहे. लुई हा अठराव्या शतकाच्या अखेरीचा, लुइझियानातल्या निळीच्या मळ्याचा मालक. लेस्टाट त्याला आपल्यासारखा करतो. पुढे दोघं मिळून क्लॉडिया नावाच्या पाच वर्षांच्या मुलीला तसंच करतात. तिचं मन वाढत जातं आणि शरीर पाच वर्षांचंच राहतं. मिशेलचं वय आणि क्लॉडियाचं वय एकच आहे, हे समजल्यावर ही कादंबरी निव्वळ भयकथा म्हणून वाचणं अवघड होतं.

इथे रक्तपिपासू स्वतःची गोष्ट स्वतः, सलग आणि पश्चात्तापाने सांगतो आहे. ‘ड्रॅक्युला’त ब्रॅम स्टोकरने सगळ्यांची टिपणं आणि पत्रं दिली, पण ड्रॅक्युलाची स्वतःची रोजनिशी दिली नाही. राइस यांनी ती जागा भरून काढली. काळोखी अद्भुतकथेचा, म्हणजे आज ज्याला ‘डार्क फँटसी’ म्हणतात त्या प्रकाराचा मोठा भाग या बदलातून वाढला. राक्षस बाहेरून आत आला आणि ‘मी’ म्हणून बोलू लागला.

मात्र या पहिल्या पुस्तकातला लेस्टाट काही मोठा नायक नाही. लुईच्या नजरेतून तो उथळ, हावरा आणि अडाणी दिसतो. त्याला आपल्या आंधळ्या म्हाताऱ्या बापाला ठेवायला जागा हवी आहे आणि लुईच्या मळ्याचा पैसा हवा आहे. लुईला त्याची घृणा वाटते आणि वाचकालाही वाटावी, असंच ते लिहिलं आहे.

नऊ वर्षांनी, १९८५ साली, ‘द व्हँपायर लेस्टाट’ आलं. आता बोलणारा लेस्टाट होता. लुईची मुलाखत त्याने वाचलेली आहे आणि तिच्यात आपल्यावर अन्याय झाला आहे, असं त्याचं म्हणणं आहे. हा लेस्टाट देखणा, धाडसी, विनोदी आणि हळवाही आहे. लुईला जी क्रूरता वाटली तिची कारणं तो देतो आणि रॉक गायक होऊन जगापुढे उभा राहतो. वाचकांनी पक्ष बदलला. १९८८ साली न्यू ऑर्लिन्समध्ये राइस यांच्या चाहत्यांचं मंडळ निघालं, त्याच्या नावातही लेस्टाटच होता. लुईच्या नावाचं मंडळ निघालं नाही. राइस यांनी स्वतःही पुढची अनेक पुस्तकं लेस्टाटच्याच तोंडून लिहिली.

पुढचं सगळं प्रकरण समजण्यासाठी हे दोन लेस्टाट वेगळे धरावे लागतात. चित्रपट निघणार होता १९७६च्या पुस्तकावर. वाचक तो तपासणार होते १९८५च्या पुस्तकाशी.

१९९३चा वाद

कादंबरीचे चित्रपटाचे हक्क १९७६मध्येच विकले गेले होते. पण चित्रपट निघायला सतरा-अठरा वर्षं गेली. दोन पुरुष रक्तपिपासूंनी एका मुलीला वाढवणं, त्यांच्यातली ओढ आणि भांडणं, हे पडद्यावर आणायला स्टुडिओ कचरत होते. वाट पाहून थकलेल्या राइस यांनी मधल्या काळात पटकथेचा असाही एक खर्डा केला, ज्यात लुईला चक्क बाई केलं होतं. हा तपशील लक्षात ठेवावा. कादंबरीच्या निवेदकाचं लिंग बदलायला खुद्द लेखिका तयार झाली होती.

१९९३ साली लेस्टाटच्या भूमिकेसाठी टॉम क्रूझचं नाव जाहीर झालं आणि वादळ उठलं. राइस यांनी सुरुवातीला ही भूमिका मनात योजली होती ती रुटगर हाउअर या डच नटासाठी. पुढे ज्युलियन सँड्सचं नाव त्यांनी सुचवलं. क्रूझ म्हणजे तेव्हाचा लढाऊ विमानं उडवणारा, स्वच्छ हसणारा, काळ्या केसांचा अमेरिकन तरुण. पुस्तकातला लेस्टाट सहा फूट उंच, सोनेरी केसांचा फ्रेंच सरदारपुत्र. एडवर्ड जी. रॉबिन्सनला ‘गॉन विथ द विंड’मधला ऱ्हेट बटलर करण्यासारखंच हे आहे, अशा अर्थाचं जाहीर विधान राइस यांनी केलं. क्रूझ आणि लुईची भूमिका करणारा ब्रॅड पिट यांनी भूमिकांची अदलाबदल करावी, असंही त्यांनी सुचवून पाहिलं. वाचक त्यांच्या मागे उभे राहिले. चित्रपटाचा एक फूटही कुणी पाहिलेला नसताना तो फसल्याचा निकाल लागला होता.

लुईचं लिंग बदलणं चालत होतं आणि लेस्टाटची उंची बदलणं चालत नव्हतं, या विसंगतीवर हसता येईल. पण ती विसंगती नाही, असं मला वाटतं. लुई हा या वाचकांसाठी गोष्ट सांगणारा होता. लेस्टाट हा त्यांच्याशी बोलणारा होता. १९८५पासून तो त्यांच्या कानाशी ‘मी’ म्हणून बोलत आला होता. आपल्याशी आठ वर्षं रोज बोलणाऱ्या माणसाला अचानक दुसऱ्याच, तेही सगळ्या जगाच्या ओळखीच्या चेहऱ्याने बोलताना पाहावं लागणार होतं. केस आणि उंची ही त्यांच्या तक्रारीची वरवरची भाषा होती. आत तक्रार होती ती आवाजाची.

जे बदललं आणि ज्यावर कुणी बोललं नाही

चित्रपट ११ नोव्हेंबर १९९४ला अमेरिकेत लागला. पटकथा श्रेयनामावलीत एकट्या राइस यांच्या नावावर आहे, तरी जॉर्डन यांनी तिच्यावर पुष्कळ काम केलं होतं. त्यातले बदल लहान नाहीत.

कादंबरीत लुईला मरावंसं वाटतं ते भावामुळे. या धाकट्या भावाला देवाचे दृष्टान्त होत, लुईने त्याच्यावर विश्वास ठेवला नाही आणि तो जिन्यावरून पडून मेला. लुईचं सगळं अपराधीपण आणि देवाविषयीचे त्याचे प्रश्न या एका प्रसंगातून निघतात. चित्रपटात भाऊ नाही. तिथे लुईची बायको बाळंतपणात गेली आहे. हा शोक कुणालाही चटकन कळतो, पण त्यात अपराध नाही. त्यामुळे चित्रपटातला लुई दुःखी दिसतो आणि कादंबरीतला दोषी असतो.

लेस्टाटचा आंधळा बापही चित्रपटात नाही. म्हणजे पहिल्या पुस्तकातल्या लेस्टाटला ज्या गोष्टीने सामान्य आणि गरजू केलं होतं, तीच काढून टाकली. आर्मान हा कादंबरीत सतरा वर्षांच्या पोराच्या चेहऱ्याचा आणि तांबूस केसांचा आहे. पडद्यावर तो काळ्या लांब केसांचा, पुरता प्रौढ ॲन्टोनियो बॅन्डेरास आहे. शेवटही वेगळा. कादंबरीत वार्ताहर लेस्टाटच्या शोधात निघतो आणि पुस्तक संपतं. चित्रपटात लेस्टाटच वार्ताहराच्या मोटारीत उगवतो, त्याच्या मानेत दात रोवतो आणि गोल्डन गेट पुलावरून रॉक संगीताच्या तालावर गाडी हाणत निघून जातो.

यावर एक आक्षेप येईल. वाद झाला तो चित्रपट लागण्यापूर्वी. तेव्हा वाचकांना हे बदल माहीतच नव्हते, मग त्यांवर ते बोलणार कसे? आक्षेप रास्त आहे. पण चित्रपट लागल्यावर तर सगळं समोर आलं होतं. बॅन्डेरासच्या आर्मानबद्दल थोडी कुरबुर झाली. भाऊ गेल्याबद्दल, बाप गेल्याबद्दल, शेवट बदलल्याबद्दल १९९३सारखं काहीच घडलं नाही. उलट चित्रपटाने पहिल्याच आठवडाअखेरीस अमेरिकेत सुमारे साडेतीन कोटी डॉलर मिळवले आणि जगभरात बावीस कोटींच्या वर गेला. पुस्तकाशी शब्दशः निष्ठा हाच वाचकांचा आग्रह असता तर खरी बोंब आता व्हायला हवी होती.

ती झाली नाही, कारण वाचकांना हवं होतं ते मिळालं होतं. बाप काढून टाकल्याने लेस्टाट मोकळा झाला. मोटारीतला शेवटचा प्रसंग तर सरळ दुसऱ्या पुस्तकातल्या लेस्टाटचा आहे : खट्याळ, न मरणारा, लुईच्या रडगाण्याला कंटाळलेला. जॉर्डन यांनी १९७६ची गोष्ट सांगता सांगता शेवटच्या काही मिनिटांत १९८५चा लेस्टाट वाचकांच्या हवाली केला. ज्या क्रूझवर राग होता, त्यानेच हा विनोद आणि ही मस्ती नेमकी पकडली होती.

लेखिकेची कोलांटी

निर्माते डेव्हिड गेफन यांनी चित्रपट लागण्याआधी त्याची ध्वनिचित्रफीत राइस यांच्याकडे पाठवली. ती पाहून त्यांनी आपलं मत पार बदललं. चित्रपट व्यवसायाच्या ‘व्हरायटी’ या पत्रात त्यांनी स्वतः जाहिरात देऊन क्रूझची आणि चित्रपटाची स्तुती केली. चित्रपट लागल्यावर वाचकांसाठी एक लांबलचक निवेदनही त्यांनी प्रसिद्ध केलं.

या कोलांटीमागे व्यवहार होता, असं तेव्हाही बोललं गेलं. पुस्तकांचा खप वाढणार होता, हे खरंच आहे. पण राइस यांनी आधी केलेला विरोधही त्याच पुस्तकांच्या खपाला मारक ठरू शकत होता आणि तो त्यांनी बिनदिक्कत केला होता. मला त्यांचं दोन्ही वेळचं बोलणं प्रामाणिक वाटतं. पहिल्या वेळी त्या वाचकासारख्या घाबरल्या. दुसऱ्या वेळी त्यांना ओळखीचा आवाज ऐकू आला. चेहरा तोच होता, उंचीही तीच होती.

माझा स्वतःचा अनुभव उलट्या दिशेचा आहे. मी चित्रपट आधी पाहिला, केबलवर, अर्ध्यातून. कादंबरी पुष्कळ वर्षांनी जुन्या पुस्तकांच्या ढिगात मिळाली. वाचताना लेस्टाट बोलला की क्रूझ दिसे आणि तो काही केल्या जाईना. अमेरिकेतल्या वाचकांना ज्याची भीती वाटत होती ते माझ्या बाबतीत घडलेलंच होतं. पण भावाच्या मृत्यूचं प्रकरण आलं आणि ब्रॅड पिटचा चेहरा आपोआप पुसला गेला, कारण तो प्रसंग चित्रपटात नव्हता. त्या पानांवरचा लुई मला पुस्तकातूनच घ्यावा लागला. माध्यमांतरात जे गळलं, तेवढीच जागा माझ्यासारख्या उशिरा आलेल्या वाचकाला मोकळी मिळते.

क्लॉडियाचं वय

आता माझी तक्रार. ती वाचकांच्या गर्दीत मला फारशी ऐकू आली नाही.

चित्रपटात क्लॉडियाची भूमिका कर्स्टन डन्स्टने केली. चित्रण सुरू झालं तेव्हा ती अकरा वर्षांची होती. तिचं काम इतकं चांगलं आहे की तिला गोल्डन ग्लोबचं नामांकन मिळालं आणि आज चित्रपटातलं सर्वांत टिकाऊ काय, असं विचारलं तर मी तिचंच नाव घेईन. पाच वर्षांच्या मुलीकडून हे काम करून घेणं अशक्य होतं, आणि कदाचित घेऊही नये. बदलाची सक्ती मान्य आहे. पण बदलाने काय झालं, ते पाहायला हवं.

अकरा वर्षांची मुलगी बाईपणाच्या उंबरठ्यावर असते. चित्रपटातली क्लॉडिया एका बाईचं उघडं शरीर पाहते आणि आपल्याला ते कधीच मिळणार नाही, हे तिला कळतं. तिने कापलेले केस पुन्हा होते तसे वाढतात, तेव्हा ती किंचाळते. हा कोंडमारा खरा आहे आणि डन्स्ट तो दाखवते. पण कादंबरीतल्या क्लॉडियाचा कोंडमारा याच्याही आधीचा आहे. पाच वर्षांचं शरीर एकटं रस्त्याने जाऊ शकत नाही. तिला उचलून घ्यावं लागतं. साठ वर्षांची बुद्धी असलेल्या या बाईला कुणाच्या तरी कडेवर बसूनच जगावं लागतं. म्हणून पॅरिसमध्ये ती लुईकडे हट्ट धरते, की मॅडलिन या बाहुल्या करणाऱ्या बाईला आपल्यासारखी कर. मॅडलिनची मुलगी वारलेली आहे आणि ती त्याच मुलीच्या बाहुल्या पुन्हा पुन्हा घडवत बसते.

हे वाचताना मिशेलची आठवण येतेच. मेलेल्या मुलीची बाहुली घडवणारी आई आणि पाच वर्षांवर थांबलेली मुलगी. दोघींना राइस यांनी एकत्र आणलं आणि दोघींना उन्हात जाळून राख केलं. मृत्यूपासून वाचवलेलं मूल शेवटी वाचतच नाही, हे त्या कादंबरीचं मर्म आहे. चित्रपटात मॅडलिन येते आणि लगेच जाते, तिची भूमिका अगदी थोडकी आहे. तिच्याबरोबर आईचा शोक जवळजवळ निघून जातो आणि मागे राहतो तो मोठं होऊ न शकणाऱ्या मुलीचा राग.

चाहते लेस्टाटच्या केसांवर भांडत होते, तेव्हा कादंबरीतला सर्वांत खासगी भाग हळूच बदलला गेला. आणि तो बदलला गेला लेखिकेच्याच संमतीने. वीस वर्षांनी ती जखम पडद्यावर पुन्हा उघडी करायची नसेल, तर त्यांना दोष देणारा मी कोण? तरीही वाचक म्हणून मला तिथे काहीतरी हरवल्यासारखं वाटतं.

नंतरचं

या प्रकरणाचे तीन पुढचे टप्पे आहेत. २००० साली राइस यांनी जाहीर केलं, की आपल्या व्यक्तिरेखा घेऊन चाहत्यांनी स्वतःच्या कथा लिहिलेल्या आपल्याला चालणार नाहीत. नुसत्या कल्पनेनेही त्रास होतो, असं त्यांचं म्हणणं होतं. हेन्री जेंकिन्स यांनी १९९२ सालच्या ‘टेक्स्चुअल पोचर्स’ या पुस्तकात चाहत्यांचं वर्णन दुसऱ्याच्या रानात शिरून शिकार करणारे असं केलं होतं. चाहता गोष्ट नुसती ऐकून घेत नाही, तिच्यातून स्वतःचं काहीतरी करतो, हा त्याचा मतितार्थ. १९९३ साली ‘हा आपला लेस्टाट नाही’ असं वाचकांच्या बरोबरीने म्हणणाऱ्या लेखिकेने सात वर्षांनी ‘आपला’ या शब्दातून वाचकांना वगळलं. कायद्याने त्यांचा हक्क होता. पण ज्या जिव्हाळ्याने ते वाचक त्यांच्या बाजूने उभे राहिले, त्याच जिव्हाळ्याने ते या कथाही लिहीत होते.

दुसरा टप्पा २००२चा. ‘क्वीन ऑफ द डॅम्ड’ या चित्रपटाने दोन कादंबऱ्या एकत्र कोंबल्या. लेस्टाट झाला स्टुअर्ट टाउनसेंड. तो देखणा होता, तरी चाहत्यांना तो चित्रपट बहुतांशी रुचला नाही आणि राइस यांनीही तो आपला मानला नाही. देखणा चेहरा असूनही आवाज सापडला नव्हता.

तिसरा टप्पा राइस यांच्या निधनानंतरचा, २०२२ची दूरचित्रवाणी मालिका. तिच्यात लुई कृष्णवर्णीय आहे, काळ विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा आहे, क्लॉडिया चौदा वर्षांची आहे आणि लुई-लेस्टाट यांचं प्रेम उघड आहे. कागदावर पाहिलं तर १९९४पेक्षा हे बदल कितीतरी मोठे. सुरुवातीला त्यावरही नाराजी उमटली. पण मालिकेने एक गोष्ट ओळखली होती. तिथे लुई दुसऱ्यांदा मुलाखत देतो आणि वार्ताहर त्याला अडवतो, की पहिल्या वेळी तू असं सांगितलं नव्हतंस. दोन पुस्तकांतल्या दोन लेस्टाटमधला विरोध मालिकेने गोष्टीतच घेतला. चाहते ज्या फटीत वर्षानुवर्षं राहत आले होते, तिथूनच तिने सुरुवात केली, आणि अनेक जुन्या वाचकांनी तिला आपलं म्हटलं.

तक्रार कशी ऐकावी

यातून चिडलेला वाचक नेहमी बरोबर असतो, असं निघत नाही. क्रूझबद्दल तो चुकला आणि त्याची लेखिकाही चुकली. क्लॉडियाबद्दल, जिथे बोलायला हवं होतं तिथे तो फारसा बोलला नाही. पण त्याची चूक निरर्थक नव्हती. या पुस्तकात माझ्याशी कोण बोलतं आहे आणि ते बोलणं मला अजून ऐकू येईल का, एवढंच तो विचारत होता. हा प्रश्न वाङ्मयीन आहे. त्याला निवेदकाचा प्रश्न म्हणून वर्गात शिकवतात, आणि चाहत्याने विचारला की त्याचं हसं होतं.

म्हणून ‘पुस्तकात असं नव्हतं’ हे वाक्य पुढच्या वेळी कानी आलं तर ते खोडून काढण्याआधी एक प्रश्न विचारून पाहावा : पुस्तकात कोण बोलत होतं? उत्तर द्यायला त्या वाचकाला वेळ लागेल. केस, उंची, वय, शेवट अशा गोष्टी तो आधी सांगेल. थोडं थांबलं तर कधीतरी तो त्या पानापर्यंत येईल, जिथे कुणीतरी त्याच्याशी पहिल्यांदा बोललं होतं. समीक्षेने ऐकायचं ते तिथून पुढे.